मुलुंडच्या गच्चीवर वीस मीटर तार

मुंबईत घरी हॅम रेडिओचं, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी बोलण्याचं, स्टेशन लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सेट कुठला घेणार? माझ्या हिशेबाने तो शेवटचा प्रश्न. सेट पैसे टाकले की मिळतो. पैसे टाकूनही न मिळणाऱ्या गोष्टी दोन: तार ताणायला उघडं आभाळ आणि समोरच्याचा आवाज ऐकू येईल इतपत शांतता. या शहरात दोन्ही शेजाऱ्यांच्या ताब्यात असतात. त्यामुळे माझ्या स्टेशनची हकिगत अर्धी विजेची आहे आणि अर्धी माणसांची. घाम जास्त काढला तो दुसऱ्या अर्ध्याने.

मी एमटीएनएलची. २०२० च्या जानेवारीअखेर हजारो सहकाऱ्यांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेतली. तोवरची सगळी नोकरी एक्सचेंजमध्ये, एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या तारा एक्सचेंजला जोडतात त्या चौकटीवर, जंपर वायरी ओढण्यात आणि फॉल्ट शोधण्यात गेली. केबल सोलणं, कथलाचा डाग देणं, मीटर लावून तुटलेली जोडी हुडकणं हाताला सवयीचं. पण टेलिफोनची जोडी आणि अँटेना यांचा स्वभाव उलटा. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून असतात, सिग्नल बाहेर सांडू नये म्हणून. अँटेनाच्या दोन तारा एकमेकींकडे पाठ करून ताणलेल्या असतात, तो सांडावा म्हणूनच. आयुष्यभर सांडू दिलं नाही, आता जरा सांडून बघू, असं वाटलं.

परवान्याचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग लोकांना वाटतो तितका अवघड नाही. परीक्षा दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग घेते. बोलताना सगळे तिला डब्ल्यूपीसीच म्हणतात. रेडिओची प्राथमिक थिअरी आणि नियम, असा अभ्यास. दर्जे दोन, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागतं, रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही बसू शकतं, त्यामुळे परीक्षेच्या खोलीत माझ्या पुढच्या बाकावर दप्तर घेऊन आलेला मुलगा होता. ओहमचा नियम त्याला माझ्यापेक्षा ताजा आठवत असणार. पास झाल्यावर परवान्याचा अर्ज सरल संचार पोर्टलवर भरायचा. रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, मिळतो, जनरलला व्हीयू२ ने. मी व्हीयू३.

परवाना हातात येईपर्यंत ट्रान्समीटर नुसता घरात बाळगणंही बेकायदा. म्हणून तेवढा काळ नुसतं ऐकलं. पेनड्राइव्हएवढा एसडीआर डोंगल, लॅपटॉपचा रेडिओ करणारा, लॅपटॉपला लावला आणि खिडकीच्या ग्रिलला तार गुंडाळून बाहेर सोडली. त्यातून दोन गोष्टी कळल्या. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सकाळी देशभरातली माणसं निवांत बोलत असतात, आणि त्यात कोल्हापूर-सांगलीचा हेल लगेच ओळखू येतो. दुसरी गोष्ट म्हणजे, संध्याकाळी दिवे लागले की त्या सगळ्या बोलण्यावर एक सलग खरखर येऊन बसते. खिडकीतली तार आभाळापेक्षा आपल्याच घरातला कचरा जास्त गोळा करते. गच्चीशिवाय इलाज नव्हता.

आमची इमारत सात मजल्यांची, मी तिसऱ्यावर. गच्ची सामायिक, किल्ली वॉचमनकडे, आणि उन्हाळ्यात वर पापड-कुरडयांची वाळवणं. अर्ज लिहिला आणि कमिटीत ठेवण्याआधी सेक्रेटरीकाकांना घरी जाऊन वाचून दाखवला.

"ताई, मोबाइल टॉवरवाले भाडं देत होते, तरी आपण नाही म्हटलं," ते म्हणाले. "तुम्ही तर भाडंही देणार नाही."

"काका, टॉवर चोवीस तास चालतो. मी दिवसाकाठी तासभर बसले तरी डोक्यावरून पाणी. त्यातला निम्मा वेळ समोरचा बोलणार आणि मी ऐकणार."

"म्हणजे घरात होत नाही ते तिथे होणार," आतून काकू म्हणाल्या. अर्ज पुढे सरकला तो तिथे.

कमिटीच्या शंका तीन होत्या: रेडिएशन, गळती आणि पोलीस. पोलिसांच्या शंकेला परवान्याची प्रत पुरली. त्यावर स्टेशनचा पत्ता म्हणून आमच्याच इमारतीचा पत्ता छापलेला पाहून तर एक सदस्य चक्क खूश झाले. रेडिएशनच्या शंकेला हसण्यावारी नेण्यात अर्थ नव्हता, कारण तिच्यातला एक भाग खरा आहे. प्रक्षेपण चालू असताना तारेच्या टोकांवर व्होल्टेज बरंच चढतं आणि नेमका तेव्हा हात लागला तर चटका बसतो. म्हणून टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर राहतील, हे मीच अर्जात लिहून टाकलं होतं. माझ्या परवान्याला या पट्ट्यांवर ५० वॅटची मर्यादा आहे, हेही लिहिलं. जुन्या पिवळ्या बल्बच्या वॅटशी तुलना केल्यावर निम्मी कमिटी सैल झाली.

मग मी जरा मोठं काढलं. २६ जुलै २००५ ची रात्र मी एक्सचेंजमध्ये काढली होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मोबाइल लागत नव्हते, केबिनेटमध्ये पाणी शिरून लँडलाइनच्या जोड्या एकामागून एक मरत होत्या, आणि लोक आपली माणसं कुठे अडकली आहेत हे विचारायला थेट एक्सचेंजच्या दारात येत होते. अशा वेळी तारेवर किंवा टॉवरवर न टेकलेलं एखादं साधन वस्तीत असावं, हे माझं तेव्हापासूनचं मत. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ साली, हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये हॅम स्टेशन लावून बसल्या होत्या. अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला तेव्हा त्यांच्या स्टेशनवरून निरोप गेले. हे सगळं मी सभेत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग खजिनदार म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण स्लॅबला भोक पाडणार का?"

भोक पाडणार नाही, असं सांगितलं आणि ठराव मंजूर झाला. देशकार्य आपल्या जागी, पण सातव्या मजल्यावरच्यांच्या छतातून यंदाच दोन बादल्या पाणी गळलं होतं.

खांबाचा तोडगा असा: ऑइल पेंटची वीस लिटरची रिकामी बादली, तिच्यात मधोमध जीआय पाइपचा तुकडा उभा धरायचा आणि सिमेंट-खडी ओतून बादली भरायची. सिमेंट धरलं की त्या पाइपात खांब खोचायचा आणि वर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीला क्लॅम्पने बांधायचा. स्लॅबला ओरखडासुद्धा नाही, आणि वॉटरप्रूफिंगवाले आले की दोघांनी बादली सरकवली की काम झालं. परवानगीच्या पत्रात अटी आल्या त्या अशा: स्लॅबला हात लावायचा नाही, दुरुस्तीच्या वेळी स्वखर्चाने काढायचं, वाळवणाच्या दोऱ्यांना अडथळा करायचा नाही. शेवटची अट सातव्या मजल्यावरच्या आजींनी घालायला लावली. माझ्या मते सगळ्या पत्रात तीच सगळ्यात विचारपूर्वक होती.

परवानगीनंतर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असला तरी ग्रँट रोडला उतरून कुणी त्या नावाने रस्ता विचारत नाही. इथे पैसे कुठे ओतायचे हे ठरवून जावं. माझा क्रम होता: अँटेना ते सेट जोडणारी केबल, प्लग, फेराइट (केबलवरचा गोंगाट अडवणारी कडी), पॉवर सप्लाय, आणि उरले तर सेट. दुकानदार स्वस्तातली बारीक आरजी-५८ पुढे करतो. गच्चीपासून माझ्या टेबलापर्यंत तीस मीटर केबल लागत होती. सात मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत आरजी-५८ फारसं खात नाही, पण १४५ मेगाहर्ट्झला तीच केबल सेटमधून निघालेल्या शक्तीचा दोन तृतीयांशाहून जास्त हिस्सा वाटेतच गिळते. जाड आरजी-२१३ वर हा तोटा निम्म्याच्या आत राहतो. म्हणून जाडच घेतली, बोटाच्या जाडीची, वळवताना रुसणारी. पॉवर सप्लाय १३.८ व्होल्टचा, जुन्या पद्धतीचा, आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर असलेला. एसएमपीएस, म्हणजे चार्जरसारखा इलेक्ट्रॉनिक सप्लाय, हलका आणि स्वस्त मिळतो, पण त्यातले बरेचसे स्वतःच आवाज करतात. घरात आणखी एक गोंगाट विकत आणण्यात मला रस नव्हता. तो सप्लाय उचलून लोकलने मुलुंडला आणला, दुपारच्या रिकाम्या गाडीने.

पहिला सेट मायक्रोबिटएक्स. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्सची रचना केली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. तिचाच हा धाकटा भाऊ. तयार बोर्ड येतो, त्याला डबा, नॉब, स्पीकर, माइक आपण जोडायचे. सात मेगाहर्ट्झला साधारण दहा वॅट देतो. ज्या बाईने हजारो जंपर ओढले तिला ही जोडणी म्हणजे सुट्टीच. पुढे एका परवानाधारकाकडून जुना शंभर वॅटचा जपानी सेट घेतला, त्याचा पॉवर नॉब कायम अर्ध्यावर. तरी पहिलं बोलणं मायक्रोबिटएक्सवरच झालं, आणि आजही दुरुस्तीसाठी उघडावासा वाटतो तो तोच.

अँटेना घरी केली. सात मेगाहर्ट्झसाठी साधा अर्धतरंगी डायपोल, म्हणजे मध्यातून दोन बाजूंना ताणलेली अर्ध्या तरंगाएवढी तार, मध्य खांबावर उंच आणि दोन्ही बाजू छपरासारख्या उतरत्या. लांबीचा हिशेब सोपा: १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी वीस मीटर आणि वर थोडं, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा. आमच्या गच्चीचा कर्ण तेवढा पुरतो. ही तार २१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही चालते, कारण तिथे ती दीड तरंगाची होते. फुकटात दुसरा पट्टा. तार घरगुती वायरिंगचीच, दीड चौरस मिलिमीटर, बहुपदरी. दोन्ही टोकांचे आणि मधले इन्सुलेटर जुन्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डाचे. मध्यापाशी फेराइटच्या मोठ्या कड्यातून केबलचे दहा-बारा वेढे घेतले, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगावरून करंट परत घरात उतरत नाही. हा चोक नसेल तर केबलही अँटेनाचाच भाग होते आणि चार मजल्यांचा कचरा चोखत खाली येते.

सगळ्या कामात जीव लावून करण्याजोगी गोष्ट म्हणजे केबलच्या टोकाला पीएल-२५९ प्लग बसवणं. दिसायला साधा, पण निम्म्या स्टेशनांचं दुखणं इथेच असतं. आधी प्लगची बाहेरची रिंग केबलवर चढवून मागे सरकवायची, मग केबल सोलायची. मधल्या तारेभोवतीच्या तांब्याच्या जाळीवर हलक्या हाताने कथील फिरवायचं, केबल प्लगात पिळून आत घ्यायची, आणि प्लगच्या अंगाला असलेल्या चार भोकांतून जाळीला डाग द्यायचा. टेलिफोनच्या कामाची पंचवीस वॅटची सोल्डरिंगची इस्त्री इथे काही कामाची नाही. पितळेचं अंग सगळी उष्णता पिऊन टाकतं. शंभर वॅटची लागते, आणि तीही पटकन लावून पटकन काढायची, नाहीतर आतलं पॉलिथिन वितळून मधली तार सरकते. कथील भोकातून आत ओढलं गेलं तर डाग खरा. वर चमकदार गोळी होऊन बसलं तर तो ड्राय जॉइंट, आज चालेल आणि पहिल्या पावसात दगा देईल. मग मीटर लावायचा: मध्य ते मध्य सलग, मध्य ते जाळी खुलं. एक्सचेंजमध्ये आमचे एक सुपरवायझर डाग नखाने खरवडून बघायचे. ती सवय मला इथे उपयोगी पडली.

केबल गच्चीवरून प्लंबिंगच्या डक्टमधून खाली आणली. घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येऊन झोळातून ठिबकतं, भिंतीच्या भोकातून हॉलमध्ये येत नाही. डक्टमध्ये उतरलेला प्लंबर वर बघून म्हणाला, "मॅडम, ही केबल टाटाची की एअरटेलची?" माझी स्वतःची, म्हटल्यावर त्याने काम थांबवून सगळं समजावून घेतलं आणि नंतर डक्टमधल्या इतर केबलींपासून माझी वेगळी बांधून दिली.

तार चढवली तेव्हा पहिलं माप ६.८२ मेगाहर्ट्झ आलं. नॅनोव्हीएनए नावाचा तळहाताएवढा मीटर असतो, त्यावर एसडब्ल्यूआरची, म्हणजे अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते त्याची, रेघ खाली वाकते ती कुठे वाकते ते बघायचं. ६.८२ म्हणजे तार लांब. मुद्दामच थोडी जास्त ठेवली होती, कारण तोडलेली तार परत जोडता येत नाही. चार टक्के लांबी कमी करायची, म्हणजे दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस सेंटिमीटर. तोडण्याऐवजी टोकं दुमडून तारेवरच गुंडाळली. रेघ सरकत ७.०८ वर येऊन बसली, एसडब्ल्यूआर दीडच्या आत. त्यावेळी गच्चीवर सातव्या मजल्यावरच्या आजी, वॉचमन आणि पतंग घेऊन आलेली दोन पोरं जमली होती. पोरांना मीटरवरची रेघ आवडली. आजींनी विचारलं, "आता यावर काय ऐकू येणार?" म्हटलं, रात्रीपर्यंत थांबा.

रात्री ऐकू आली ती खरखर. गच्चीवरून आलेल्या स्वच्छ केबलवरही सिग्नल मीटरचा काटा नवावर टेकलेला, म्हणजे नवाहून क्षीण आवाजाचा माणूस माझ्यासाठी अस्तित्वातच नाही. मुंबईत खरं स्टेशन इथून सुरू होतं. फॉल्ट शोधायची पद्धत मात्र माझ्या जुन्या धंद्यातलीच: तुकडे पाडत जायचं. सेट बॅटरीवर लावला आणि घराचा मेन स्विच पाडला. काटा सहावर आला. म्हणजे बराचसा चोर घरातच. एकेक एमसीबी चढवत गेले. स्वयंपाकघराचा चढवला की काटा उडी मारायचा. ट्यूब नवी एलईडी, तिचा ड्रायव्हर एक, आणि वॉटर प्युरिफायरचा अडॅप्टर दुसरा. ट्यूब बदलली, अडॅप्टरच्या वायरला फेराइटचा क्लॅम्प लावून तीन-चार वेढे दिले. फेराइटचंही मिश्रण बघून घ्यावं लागतं. या पट्ट्यांसाठी ३१ नंबरचं चांगलं. लॅपटॉपचा चार्जर तर रेडिओ चालू असेपर्यंत बोर्डातून काढूनच ठेवते.

घराबाहेरच्या चोरांसाठी साधा ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि जिन्याने वर-खाली फिरले. आवाज वाढला की जवळ आलो. चौथ्या मजल्यावर डक्टच्या जाळीपाशी तो किंचाळला: केबल टीव्हीचा बूस्टर, झाकण उडालेला. केबलवाल्याला बोलावून बदलून घेतला. पाचव्या मजल्यावर एका घराच्या वायफाय राउटरचा अडॅप्टर. त्या वहिनींना रेडिओशी काही देणंघेणं नव्हतं, पण मी नवा अडॅप्टर विकत आणून दिला आणि जुना घेऊन गेले, यात त्यांचं काय गेलं? त्यांनी वर चहा पाजला. अशा अडॅप्टरचा माझ्याकडे आता एक डबा भरलाय.

लिफ्टचं मात्र काही करता आलं नाही. तिच्या मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह आहे, आणि तो खांबाच्या अगदी खाली. लिफ्ट हलली की पट्टाभर घरघर, थांबली की बंद. मी त्याच्याशी जुळवून घेतलं. समोरच्याला "जरा थांबा, लिफ्ट येतेय" असं सांगते. नाशिकचे एक गृहस्थ आता मलाच विचारतात, कोण आलं हो घरी? रेल्वेचंही तसंच, मध्य रेल्वेच्या ओव्हरहेड तारेत २५ हजार व्होल्ट आहेत आणि पावसाळ्यात पेंटोग्राफ ठिणगी टाकत गेला की चट्चट् ऐकू येतं. पण ते क्षणाचं. गणपतीत समोरच्या मंडपाच्या लायटिंगच्या माळा लागल्या की मात्र दहा दिवस मी सरळ सकाळी सहाला बसते, माळा बंद असतात तेव्हा.

आवाज चारावर आल्यावर एका सकाळी बोलणं झालं. सात मेगाहर्ट्झवर कोल्हापूरजवळचा एक आवाज "सीक्यू, सीक्यू", म्हणजे कुणी आहे का, असं करत होता. कॉलसाइन सांगितला, नाव सांगितलं, क्यूटीएच, म्हणजे ठिकाण, मुलुंड. पलीकडून माझ्या सिग्नलचा रिपोर्ट आला, पाच-सात, म्हणजे स्पष्ट आणि बऱ्यापैकी जोरदार, आणि लगेच प्रश्न, "मुलुंडात पाऊस आहे का?" नियमाप्रमाणे धंद्याचं, जाहिरातीचं, राजकारणाचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, मग उरतं ते हवापाणी, अँटेना आणि तब्येत. मराठी माणसाला तेवढं पुरतं. बोलणं लॉगबुकात वेळेसह लिहिलं. त्या दिवशी संध्याकाळी आजींना बोलावून त्यांच्या माहेरच्या बाजूचा आवाज ऐकवला. त्या सोलापूरच्या. "हा तर अकलूजकडचा दिसतोय," म्हणाल्या. आणि होता तो अकलूजचाच.

यातली गंमत भूगोलाची आहे. मुलुंडहून बोरिवली आभाळातून दहा किलोमीटर, पण मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. १४५ मेगाहर्ट्झवर वॉकीटॉकीने बोरिवलीला थेट बोलायला गेले तर काही नाही. कोल्हापूर तीनशे किलोमीटर, आणि तिथला माणूस शेजारी बसल्यासारखा. सात मेगाहर्ट्झच्या लहरी कमी उंचीवरच्या तारेतून जवळजवळ सरळ वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, आयनोस्फिअरला, आपटून तीनचारशे किलोमीटरच्या परिघात खाली पडतात, डोंगर त्यांच्या वाटेत येतच नाही. १४५ च्या लहरी वर गेल्या की गेल्याच. भर दुपारी सात मेगाहर्ट्झही मलूल होतं, कारण सूर्य डोक्यावर असताना आयनोस्फिअरचा खालचा डी थर त्या लहरी शोषून घेतो. म्हणून सकाळ आणि दिवेलागण. दुपारी २१ मेगाहर्ट्झ बघायचं. २०२४ मध्ये सूर्यावरच्या डागांचं चक्र ऐन भरात होतं, तेव्हा पन्नास वॅट आणि या उतरत्या तारेवर जपान आणि युरोप सहज मिळायचे.

१४५ मेगाहर्ट्झसाठीही खांबाच्या टोकाला घरगुती ग्राउंड प्लेन अँटेना लावली: पीएल-२५९ ज्यात बसतो त्या एसओ-२३९ सॉकेटवर एकोणपन्नास सेंटिमीटरचा पितळी दांडा उभा, आणि तेवढेच चार दांडे खाली पंचेचाळीस अंशांत वाकवलेले. रिपीटर, म्हणजे उंचावरून सिग्नल पुढे पाठवणारं स्टेशन, चालू असेल तेव्हा पश्चिम उपनगरंही येतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० वर कधीकधी चित्रं पाठवतं. फोनवरच्या ॲपने ती उलगडताना बघायला सोसायटीची पोरं हजर असतात.

गोंगाटावरचा दुसरा उतारा एफटी८. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये काढलेली ही पद्धत. पंधरा सेकंदांच्या खेपांत संगणक छोटे निरोप पाठवतो आणि कानाला ऐकूही न येणारा सिग्नल खरखरीतून वेचून काढतो. संगणकाचं घड्याळ मात्र सेकंदाला बिनचूक हवं. जुने लोक नाक मुरडतात, यात बोलणं कुठे आहे म्हणून. मला ती तक्रार अर्धी पटते. कॉलसाइन आणि आकडे यापलीकडे काही जात नाही हे खरं, पण मुंबईत राहणाऱ्याने या पद्धतीला नावं ठेवणं म्हणजे चाळीत राहून उसनी साखर नाकारणं.

देखभालीचं वेळापत्रक आभाळ ठरवतं. संक्रांतीला मांजा: दोरी कापली तर तार खाली माणसांवर येईल, म्हणून त्या आठवड्यात दोन्ही बाजू उतरवून गुंडाळून ठेवते. मेअखेरीस सगळे जोड उघडून बघायचे, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी सेल्फ-अमॅल्गमेटिंग टेप नवी गुंडाळायची. खाडीकडून येणारी खारी हवा तांब्याला वर्षभरात हिरवं करते. टोकांच्या दोऱ्या कप्पीतून घेऊन त्यांना पाण्याच्या भरलेल्या बाटल्या लटकवल्यात, त्यामुळे वाऱ्यात तार ताणली तर बाटली वर जाते, तार तुटत नाही. गडगडाट जूनच्या आधी आणि परतीच्या पावसात जास्त. केबलमध्ये विजेचा लोळ जमिनीत उतरवणारा अरेस्टर आहे, अर्थिंगला जोडलेला, तरी ढग दिसले की प्लग काढून केबल खिडकीबाहेर ठेवायची. अरेस्टरवर विसंबून टीव्ही बघत बसण्याइतकी मी शूर नाही.

अलीकडे सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघालाय. सर्वसाधारण सभेत प्रत्येकाने आपली मागणी दिली: कुणाला जास्त कार्पेट एरिया, कुणाला दोन पार्किंग, आजींना गच्चीवर वाळवणाला सावली नसलेली जागा. मी दोन ओळी लिहून दिल्या. नव्या गच्चीवर अँटेनाच्या खांबासाठी स्लॅब भरतानाच बसवलेला लोखंडी पाया, आणि तिथून माझ्या घरापर्यंत स्वतंत्र दोन इंची पाइप. आर्किटेक्टने विचारलं, दोन इंची कशाला, अर्ध्या इंचीत केबल जाते. पर्समधून पीएल-२५९ काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, केबल जाईल, हा जाणार नाही, आणि हा मी दर वेळी डक्टमध्ये बसून बसवणार नाही. त्याने तो उलटापालटा करून बघितला आणि नकाशावर खूण केली. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, पाइप एवढा मोठा आहे तर आमच्या केबल टीव्हीची वायरही त्यातूनच घेऊ. सेक्रेटरीकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आत इतिवृत्तात "स्वतंत्र" या शब्दाखाली रेघ मारली.